वीस गुंठे वरकस : रानभाज्यांच्या नोंदवहीतून

२८ ऑक्टोबर २०२४, वाघबारस

गेल्या वर्षी मारलेलं तारेचं कुंपण आज उतरवलं. खांब तेवढे ठेवलेत, वेल चढवायला उपयोगी पडतील.

मुरबाड तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी सासऱ्यांची ही वीस गुंठे वरकस जमीन आहे. उताराची, तांबडी, मुरमाड आणि कित्येक वर्षं पड. तिथे रानभाज्या लावायच्या असं ठरवलं तेव्हा मी आधी तार मारली आणि मग वाफे आखले. वाफ्यांत कुर्डूची चार रोपं सोडली तर काही उगवलं नाही. वरच्या ठाकरवाडीतल्या बायका या तुकड्यातून दर पावसाळ्यात कोळू, टाकळा, केना खुडून न्यायच्या. तार बघून त्यांनी काही न बोलता वाट बदलली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. यंदाच्या पावसाळ्यात गवत कमरेइतकं वाढलं आणि आधी जी भाजी आपसूक यायची तीही दिसेना.

शेवटी वाडीतल्या आजींकडे गेले. त्यांना विचारलं, भाजी का गेली? त्या म्हणाल्या, "खुडली नाय तं फुटंल कशी?"

आमचं ठरलं ते असं : कुठे काय राखायचं, कधी खणायचं, कधी हात लावायचा नाही, हे आजी सांगणार. अंगमेहनत माझी आणि त्यांच्या मुलाची. पीक अर्धं-अर्धं. आणि बायकांची खुडायची वहिवाट पहिल्यासारखी, ती वाट्यात धरायची नाही. शेवटची अट आजींची.

संध्याकाळी वाडीत वाघदेवापुढे नारळ फुटला. मीही हात जोडून आले.

१७ नोव्हेंबर २०२४

बी धरण्याचा दिवस. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे वाळून करडे पडलेत. सुपात चोळले की काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक बी खाली उतरतं. मी सवयीने सगळ्यांत भरदार तुरे आधी कापायला लागले. आजींनी विळा हातातून काढून घेतला. भरदार तुरा रानाचा, त्याला जागेवरच झडू द्यायचं. आपण मधले घ्यायचे. चांगलं बी घरी न्यायचं असं मी आजवर समजत होते. इथे चांगलं बी जमिनीत राहतं आणि घरातलं बी म्हणजे पाऊस दगा देईल तेव्हाची सोय.

बी राखेत घोळून मडक्यात भरलं, मडक्याचं तोंड शेणमातीने लिंपलं आणि चुलीवरच्या शिंक्यात टांगलं. धूर लागला की कीड धरत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, त्यांच्या बियाणे बँकेमुळे राखेची आणि मडक्यांची ही रीत शहरातल्या लोकांना माहीत झाली. आजींना मी फोनवर त्यांचा फोटो दाखवला. त्यांनी फोटोतल्या मडक्यांकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, लिंपण बरं हाय.

८ डिसेंबर २०२४

कंद खणले. या नोंदीला जागा जास्त देते, कारण इथे चूक झाली तर माणूस जाऊ शकतं.

चाई, कडूकंद यांचे वेल आता सुकलेत. वर वाळका दोर तेवढा दिसतो, कंद खाली हात-दीड हात खोल. कळलावीचाही वेल याच दिवसांत वाळतो आणि तिचाही कंदच असतो. तिच्या सगळ्या अंगात विष असतं, कंदात सर्वांत जास्त. कंद चुकून खाल्ल्याने माणसं दगावलेली आहेत. पावसाळ्यात तिला ओळखणं सोपं असतं. पानाचं टोक विंचवाच्या नांगीसारखं वळून आधाराला धरतं आणि लाल-पिवळं फूल तर लांबूनच दिसतं. डिसेंबरात मात्र सगळे दोर सारखे. म्हणून आजींचा नियम सरळ आहे : वेल हिरवा असताना आपण डोळ्यांनी बघून खूण केलेली नसेल, तर तो कंद खणायचाच नाही. मी एकही खूण केली नव्हती. त्यामुळे आज फक्त आजींच्या खुणेचे तीन वेल खणले.

पहारीने बाजूने खड्डा घेतला, कंद मोकळा केला, पण उपटला नाही. वेल जिथे जोडलेला असतो तो माथा, वीतभर कंदासकट, तोडून खड्ड्यातच ठेवला. वर पालापाचोळा, मग भुसभुशीत माती. पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा कंद धरतो, आणि माती एकदा मोकळी झालेली असल्यामुळे तो सरळ, जाड पोसतो. दगडांत अडकून वेडावाकडा झालेला कंद म्हणजे तिथे आधी कुणी खणलेलं नाही. आजी कंदाचा आकार बघून कुठल्या खड्ड्यात किती वेळा पहार लागली ते सांगतात. दोन खड्ड्यांत त्यांच्या सासूबाईंचा हात होता म्हणे.

कडूकंदाच्या वेलावर पानांच्या बगलेत बटाट्याएवढ्या गाठी धरतात. पडलेल्या गाठी गोळा करून कुंपणाच्या उरलेल्या खांबांशी पुरल्या. खाण्याआधी या कंदाच्या पातळ चकत्या करायच्या, राखेबरोबर उकडायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. मग कडवटपणा उतरतो. घाई केली तर उलट्या.

५ जानेवारी २०२५

एका रोपवाटिकेतून करटोलीचे २४ कंद आणले. "मादी जास्त, नर मोजके" अशी तोंडी हमी घेतली. आजींना विचारलं नाही.

९ फेब्रुवारी २०२५

चार भाग पाडले. आजींच्या तोंडून वरकशीचा जुना क्रम ऐकला तेव्हा माझ्या डोक्यातला वाफ्यांचा नकाशा कायमचा पुसला गेला. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, मग पड. शाळेत हा फेरपालट मीही शिकले होते, धान्याच्या संदर्भात. त्यात भाजी कुठे असते ते कुणी सांगितलं नव्हतं. कुदळ लागलेल्या वर्षी टाकळा, कुर्डू, केना, माठ येतात, कारण त्यांना उघडी माती लागते. जमीन पड टाकली की या भाज्या मागे हटतात आणि करटोली, चाई, भारंगी अशी कंदाची, मुळांची मंडळी बसतात. त्यांना न हललेली माती लागते. मला सगळं एकाच वाफ्यात, एकाच वेळी हवं होतं.

म्हणून आता पाच-पाच गुंठ्यांचे चार तुकडे. यंदा पहिल्यात नाचणी. वरच्या अंगाच्या चौथ्याला काही वर्षं कुदळ लावायची नाही. मधल्या दोघांना ज्याची त्याची पाळी आली की.

२३ फेब्रुवारी २०२५

राबासाठी टहाळ तोडला. बांधावर ऐनाची सात झाडं आहेत, त्यांतली तीनच यंदा. बाजूच्या फांद्या कोयत्याने उतरवायच्या, शेंडा राखायचा, आणि यंदा तोडलेल्या झाडाला पुढच्या वर्षी कोयता दाखवायचा नाही.

राब हा आपल्याकडचा जुना वाद आहे. दाढीच्या, म्हणजे रोपं तयार करायच्या, जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर देऊन ते भाजायचे, मग पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी पेरायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत मिळतं, रोप जोमाने येतं. सरकारी जंगलखात्याला मात्र यात झाडांची नासाडी दिसत आली. १८८०च्या दशकात मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारींसाठी आयोग नेमला, त्याच्यापुढे हाच प्रश्न मोठा होता : शेतकऱ्याला राबाला टहाळ तोडू द्यायचा की नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या. पाळी पाळून तोडलेला ऐन मरत नाही, बांधावरचे हे सात त्याचे साक्षीदार आहेत. पण ऐनच उरले नसतील तिथे राबाचा हट्ट धरणं म्हणजे रीत पाळून रान खाणं. आम्ही एकाच गुंठ्याचा राब करतोय, त्यातलाही अर्धा न भाजता ठेवणार, फरक बघायला.

१४ मार्च २०२५, धुळवड

वणवा.

दुपारी वरच्या डोंगरउतारावरून आला. कुणी लावला ते कळलं नाही, आणि कळलं असतं तरी इथे लिहिलं नसतं. आपल्या हद्दीभोवती चार हात रुंदीचा पट्टा साफ करून जाळरेषा काढायची, हे आजींच्या मुलाने जानेवारीतच बजावलं होतं. होळीनंतर करू म्हणाले मी.

वाडीतल्या आठ-दहा बायका आणि पोरं ओल्या टहाळ्या घेऊन धावली, झोडपून झोडपून आग विझवली. राबाचा ढीग वाचला. वरच्या तुकड्यातली भारंगी आणि मोख्याची पोरसवदा रोपं होरपळली. कुंपणामुळे ज्यांची वाट मोडली होती त्याच बायका त्यात होत्या. चहा करायला गेले तर घरात साखर नव्हती.

लोक दोन्ही आगींना एकच समजतात. राबाची आग एका माणसाच्या नजरेखाली, शेणमातीच्या थराखाली, वाऱ्याच्या उलट दिशेने हळूहळू सरकते. वणव्याला धनी नसतो.

७ मे २०२५

रात्री गडगडाट करून पाऊस. वळीव नेहमी येतो, पण हा लागूनच राहिलाय. राबाचा ढीग भिजला. प्लास्टिक टाकलं, ते वाऱ्याने उडालं.

भारंगी मुळापासून फुटली. मोखा नाही.

१६ मे २०२५

दोन कोरडे दिवस मिळाले, राब भाजला. धूर जास्त, जाळ कमी. वरचा थर नीट भाजला, खालचा नुसता वाफलला. राब नेहमी आधीच उरकतात, आम्ही रोहिणीची वाट बघत बसलो. आजी पहिल्यांदाच चिडल्या, माझ्यावर नाही, आभाळावर.

२१ मे २०२५

शेवळं आली! एरवी मृगाच्या आगेमागे दिसतात, ती यंदा मेच्या मध्यालाच. पानाच्या आधी जमिनीतून थेट फुलाचा दांडा वर येतो, तपकिरी-जांभळ्या आवरणात गुंडाळलेला. बांधाच्या सावलीत एका जागी सहा-सात. आजींनी खुडताना प्रत्येक जथ्यातले दोन दांडे राखले. ते फुलतील, बी धरतील. खुडलेल्यांचे कंद खाली शाबूत असतातच, पण नुसत्या कंदावर जथा पसरत नाही, जागच्या जागी राहतो.

साफ करताना आवरणाच्या आतला खालचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा. मी दोन शेवळांचा तो काढायला विसरले. बरोबर काकडं घातली होती तरी घसा दोन तास खाजत होता. काकडाच्या आंबट फळांशिवाय शेवळं शिजवणं म्हणजे शिक्षाच. काकडं नसतील तर चिंच, पण सढळ. आजींच्या मते चिंचेने खाज जाते, चव येत नाही.

२७ मे २०२५

काल मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं जाहीर झालं. एरवीची तारीख ११ जून, म्हणजे पंधरवड्याहून जास्त आधी. १९५०पासून इतक्या लवकर आला नव्हता म्हणे. आम्ही भर पावसात, गोणपाटाच्या खोळी घेऊन, राबावर नाचणी फेकली. थोडं बी वाहून खालच्या बांधाला लागलं. करटोलीचे २४ कंद खांबांच्या कडेने लावले, आजींनी दिलेला एक कंद बांधाच्या टोकाला. "हा कशाला वेगळा?" म्हटलं तर म्हणाल्या, "बाई हाय ती."

१५ जून २०२५

माझ्याकडून मोठी चूक झाली. कोळू चांगली वीतभर झाली होती, पांढरे बुंधे, गवतासारखी पाती. मी परवाच पाटीभर खुडून भाजी केली आणि कौतुकाने आजींकडे वाटी पाठवली. वाटी तशीच परत आली. इथे पहिली कोळू देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही आणि तो दिवस अजून उजाडला नव्हता. आजी रागावल्या नाहीत. "तुला ठाव नव्हतं," एवढंच.

रात्री मी वहीत लिहिलं की या बंदीमुळे पहिल्या पावसात फुटलेल्या कोवळ्या रोपांना पंधरा-वीस दिवस मिळतात, कंद सावरतो, आणि सगळी वाडी एकाच दिवशी सुरुवात करत असल्यामुळे कुणी पुढे पळून रान ओरबाडत नाही. सकाळी हे आजींना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तसं नाय. देवाचं हाय म्हणून." दोन्ही वाक्यं वहीत ठेवलीत.

२९ जून २०२५

राबाचा हिशेब. भाजलेल्या अर्ध्यात नाचणीचं रोप काळपट हिरवं, दाट. त्यात टाकळा भरपूर, गवत तुरळक. न भाजलेल्यात गवताने नाचणीला गाठलंय. टाकळ्याच्या बीचं कवच टणक असतं, त्याला आच मानवली असावी. खालचा थर नीट भाजला नव्हता तरी हा फरक.

पुढल्या आठवड्यात नाचणी उपटून पहिल्या तुकड्यात लावायची. तोवर खुरपणी. खुरपणी असं मी म्हणते, बायका म्हणतात भाजीला जाऊ. टाकळा, केना, कुर्डू, माठ, जे नाचणीला दाटी करतं ते उपटून ओच्यात. नाचणी मोकळी होते आणि चूल पेटते. टाकळा फुलावर येण्याआधीच खायचा, नंतर तो कडवट होतो. म्हणून तण नको तेव्हाच नेमकी भाजी हवी असते. गेल्या वर्षी याच कामाला मी मजुरी दिली होती आणि उपटलेलं सगळं बांधावर कुजलं.

१९ जुलै २०२५

करटोली फुलली. चोवीसच्या चोवीस नर.

करटोलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फूल येईपर्यंत बाहेरून ओळखता येत नाही. मादी फुलाच्या मागे इवलंसं काटेरी फळ आधीपासून असतं. नर फुलाच्या देठाशी टोपीसारखं एक पान. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. माझ्याकडे एका मादीला चोवीस नर आहेत. रोपवाटिकेवाल्यांना फोन केला, ते म्हणाले बियाण्यापासून केलेल्या कंदांत असं होतं कधीकधी. होत असेल. बियांपासून रोपं केली तर नर किती निघतील त्याचा भरवसा नसतोच, आणि टणक बी उगवतंही कमी. ज्या वेलाला फळ धरलेलं पाहिलं त्याचाच कंद घ्यायचा, हे वाडीतलं पोरही सांगेल. मी वाडीत विचारलं नव्हतं.

फुलं संध्याकाळी उमलतात, पतंगांसाठी. दिवे लागायच्या वेळेला नर फूल तोडून आजींच्या "बाई"च्या फुलांना हाताने पराग लावले. आजींचा मुलगा लांबून बघून हसत होता.

९ ऑगस्ट २०२५

जागतिक आदिवासी दिन, त्यानिमित्त रानभाजी महोत्सव. वाडीतल्या बायकांनी टोपल्या नेल्या, दोन तासांत रिकाम्या झाल्या. पाककृतींच्या टेबलावर करटोल्यात पनीर भरलेलं पाहिलं. चव बरी होती, मला कबूल करावं लागलं.

एका गृहस्थांनी वाडीतल्या बाईंना भारंगीच्या पानांची मोठी मागणी दिली, आठवड्याला वीस किलो. त्या नाही म्हणाल्या. गृहस्थांना वाटलं दर कमी पडला, त्यांनी वाढवला. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. भारंगीचं झुडूप शेंड्याची कोवळी पानं खुडली तर फुटतं, ओरबाडलं तर दोन वर्षं बसतं; आठवड्याला वीस किलो खुडून पुरवता येत नाही, त्याला कोयता लागतो.

येताना गाडीत कायद्याचा विषय निघाला. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केलाय, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. पण ते सगळं जंगलजमिनीचं. माझी वरकस खाजगी. उद्या मी विकली तर बायकांची वहिवाट तारेबरोबर संपेल. म्हटलं, स्टॅम्पपेपरवर लिहून देते. आजी खिडकीबाहेर बघत होत्या. "कागद ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. वाट चालती ठेव." मी तरी कागद करणार आहे.

७ सप्टेंबर २०२५

करटोल्याची फळं : सतरा. सगळी त्या एकाच वेलाची. नऊ आजींकडे, आठ माझ्याकडे. सतरावं कुणाचं यावर वाद झाला नाही.

टाकळा आता शेंगेवर सोडलाय. नाचणीत पाखरं उतरायला लागलीत.

१७ ऑक्टोबर २०२५, वाघबारस

डिसेंबरच्या खणतीसाठी खुणा केल्या. यंदा मीच. वेल अजून थोडे हिरवे आहेत. चाईला पाच-पाच पानांचा पंजा, कडूकंदाला हृदयासारखं मोठं पान. प्रत्येकाच्या बुंध्याशी जुन्या लुगड्याची लाल चिंधी. आजींची मादी करटोली पिवळी पडायला लागलीय, तिला दोन चिंध्या. नरांतले तीन ठेवले, बाकीच्यांच्या जागी वाडीतून माद्यांचे कंद यायचेत. जाळरेषेचा दिवस ठरला, होळीच्या कितीतरी आधीचा. टहाळाला यंदा उरलेल्या चार ऐनांची पाळी.

सगळं झाल्यावर आजी काठी टेकत एकेक चिंधी बघत आल्या. बांधाजवळ वेलांचं जाळं झालंय तिथे थांबल्या. एका वाळत्या पानाचं टोक नखावर धरून मला दाखवलं. वळलेलं होतं, नांगीसारखं. मी कळलावीला चिंधी बांधली होती.

त्यांनी गाठ सोडली, चिंधी कमरेला खोचली आणि पुढच्या वेलाकडे गेल्या.